क मात्र हातानं

खात्याच्या टाइपरायटरची क ची कळ
चौऱ्याहत्तर साली तुटली, रमजानात.
मी दुरुस्तीचे तीन अर्ज केले.
एकाला उत्तर आलं: विचाराधीन.

अशात डॉक्टर कोकुगोंझा मुगान्यिझी
कादंबरीचं बाड घेऊन टेबलापाशी उभ्या.
आधी परडी पुढे केली, मुठीएवढी,
आत उकडून वाळवलेल्या कॉफीच्या बिया.
बुकोबाकडचा पाहुणचार. चावायच्या असतात.
मी तांगाचा, किनाऱ्यावरचा,
आम्ही कॉफी पितो.
चावली. कडूजहर. तरी दुसरी उचलली.

म्हटलं, बाई, क नाहीये.
म्हणाल्या, सेफू, माझ्या नावातच दोन आहेत,
मी आता कुठं जाऊ?

मग मी जागा सोडत टाइप करायचो
आणि खातं बंद झाल्यावर, पंख्याखाली,
निळ्या शाईनं एकेक क भरायचो.
किताबू. कलामू. काहावा. काबुरी.
कोंबडीला, म्हणजे कुकूला, दोन लागतात,
आणि त्या कादंबरीत कोंबड्या फार.
एकदा हात जोडले मी.
पुढच्या प्रकरणात त्यांनी बदक आणलं.
बदकाला आमच्यात बाटा म्हणतात.

दिवसा त्या शिकवायच्या.
फळ्यावर केळीच्या जाती लिहायच्या,
एनचोंचो, एनशाकारा, एंतोबे,
फळा संपेपर्यंत,
आणि विचारायच्या, हे सगळं तोंडपाठ असलेल्या बाईला
अडाणी कोण म्हणालं? हात वर करा.
समितीतले साहेब हसले होते, केळ्यांवर प्रबंध!
त्या हसण्याचीही त्यांनी तळटीप केली.
ती मीच टाइप केली. पान एकसष्ट.

पान तीनशे सत्त्याण्णववर
तळ्यात नाव उलटते, नावाडी मरतो.
तिथला एक क भरायचा राहिला माझ्याकडून.
कुफा म्हणजे मरणं.
क गळला की उरतं उफा,
म्हणजे भेग.
मी जीभ चावली, पेन काढलं.
त्यांनी माझं मनगट धरलं.
राहू दे, म्हणाल्या. भेगेतून
निघूनही येईल एखादेवेळी.

मग विद्यार्थ्यांचा संप.
पत्रक त्यांचं, टाइप माझं,
क अर्थातच हातानं.
पोलिसांना तेवढंच पुरलं.
हे अक्षर कुणाचं?
माझ्या पायांतलं बळ गेलं.
घरी तीन लेकरं, त्यातलं एक तापानं फणफणलेलं.
बाईंनी कागद मागितला
आणि साहेबासमोर क काढला,
माझाच, खाली जरा लंगडणारा, शेपूट उचललेला.
दोन वर्षं बघत होत्या की.

त्यांची नोकरी गेली. माझी राहिली.
सात वर्षं बुकोबात केळी लावली, मुलींची शाळा चालवली.
नोव्हेंबरात डबा यायचा, तळलेले नाकतोडे,
चिठ्ठी नाही.
मी उत्तर लिहायला बसायचो,
पहिलंच अक्षर क, तिथंच अडायचो.

परत आल्या तेव्हा खात्यात नवं यंत्र होतं.
त्यांनी कळ दाबून पाहिली, दोनदा.
आवाज बरा नाही, एवढंच म्हणाल्या.
त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
कादंबरी छापून आली, त्यात सगळे क सारखे.
तीनशे सत्त्याण्णववरची भेग मात्र
त्यांनी छापखान्याशी भांडून ठेवली.

मागच्या मंगळवारी फोन आला, बुकोबाहून.
मी निवृत्त, तरी मलाच बोलावलं
फलकावरची सूचना करायला.
मृत्यूसाठी रीतीचा, अदबीचा शब्द असतो.
मी साधा घेतला. कुफा.
संगणकावर क लगेच उमटला.
मी तो खोडला. तेवढी जागा सोडली.

म्हातारा चुकला, म्हणाले असतील.
दोन दिवस फलकावर भेग होती.
तिसऱ्या दिवशी पाहिलं तर
कुणीतरी क भरला होता,
पेननं,
निळ्या शाईत.